अंगणातले मिस्त्री
वाशीम जिल्हा झाला १९९८ साली. सायलेन्सरचा बोल्ट तुटला की अंगणात जमणारे सल्लागार त्याहून जुने. एक म्हणतो रॉकेल सोडा, दुसरा छिन्नी मागतो, तिसऱ्याला मोबाइलवर व्हिडिओ सापडलेला असतो. त्यात बोल्ट दोन मिनिटांत निघतो, कारण त्याने रिसोड रस्त्यावरचा चिखल खाल्लेला नसतो. मग तुटका बोल्ट काढायला त्यात भोक पाडून ठोकलेला एक्स्ट्रॅक्टर आतच मोडतो. तो इतका कडक पोलादाचा, की साधा ड्रिल बिट त्यावर नुसता चरचरतो. शेवटी गाडी गॅरेजात नेली की खरा मिस्त्री वाकून बघतो, ‘‘भाऊ, आंधीच काऊन नाही आनली गाडी?’’ तुटक्या तोंडाशी वेल्डिंग चढवून तो वर नट जोडतो. तापून गंज सुटतो, पान्याने सगळं बाहेर. मजुरी जास्त लागते ती एक्स्ट्रॅक्टरची, बोल्टची नव्हे.