एम्युलेटर बाळगणाऱ्यांस सूचना

प्रस्तुत सूचना रायपूर स्टेशनच्या गुढियारी बाजूला राहणाऱ्या, पन्नाशीच्या आसपास पोचलेल्या आणि रोज रात्री जेवणानंतर लॅपटॉपवर 1982 सालचा संगणक चालू करणाऱ्या मराठी गृहस्थांसाठी आहेत. असे गृहस्थ एकूण किती, याची खानेसुमारी झालेली नाही. एक तरी नक्की आहे, आणि सूचना काढायला तेवढे पुरते.

आधी वस्तूची ओळख. क्लाइव्ह सिंक्लेअरच्या कंपनीने 23 एप्रिल 1982 रोजी झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक जाहीर केला. झायलॉगचा झेड-80 प्रोसेसर, सेकंदाला 35 लाख ठोके, 48 केबी रॅम, पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि साठवणुकीला घरचाच टेपरेकॉर्डर. 48 केबी म्हणजे 49,152 बाइट. नातेवाइकांच्या ग्रुपवर सकाळी येणारा ‘शुभ सकाळ’चा गुलाब बहुधा याहून जड असतो. या संगणकाची स्पेक्ट्रम प्लस ही आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन 1988 मध्ये भारतात काढली. तोच आपला डीबी स्पेक्ट्रम. तिकडे 1986 मध्येच सिंक्लेअरने संगणकाचा धंदा ॲमस्ट्रॅडला 50 लाख पौंडांना विकून टाकला होता. म्हणजे आपल्या घरी नवे म्हणून जे आले, ते विलायतेत निवृत्तीला टेकले होते. नव्वद उजाडेपर्यंत इथलाही बाजार आटला.

एम्युलेटर म्हणजे आजच्या संगणकात बसवलेला एक प्रोग्राम. तो स्वतःला तोच जुना संगणक समजतो आणि जुन्या खेळांनाही तसे पटवून देतो.

ही गोष्ट चारचौघांत सांगण्याची वेळ शक्यतो येऊ देऊ नये. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला गेल्यावर ‘माझ्याकडे स्पेक्ट्रम आहे’ असे म्हटले, तर समोरच्याला टू-जीचा घोटाळा आठवतो आणि तो आपल्याकडे नव्या आदराने पाहू लागतो. गल्लीतला ठोक व्यापारी शेजारी पडद्यावर क्षणभर नजर टाकून विचारतो, ‘भैया, इसमें टैली चलेगा क्या?’ यावर ‘नहीं’ म्हणावे. त्यानंतर तो ‘तो फिर?’ असे विचारतो. त्याला मंजूर झालेले उत्तर अद्याप नाही.

ज्यांनी शाळेत बीबीसी मायक्रो पाहिला, त्यांच्याशी वाद घालू नये. 1984-85 मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ प्रकल्पाखाली सुमारे अडीचशे शाळांत हे यंत्र पोचवले. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने ते ‘युनिकॉर्न’ नावाने इथेच बनवले. आपले यंत्र सरकारमान्य होते याचा त्या मंडळींना अजून ताठा आहे, आणि त्यांचे स्वतःचे एम्युलेटरही आहेत. शिवाय त्यांचा 2 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर बेसिकमध्ये आपल्या साडेतीनला मागे टाकायचा, हे आपल्यालाही ठाऊक असते. विषय बदलून पावसावर न्यावा.

कायद्याची चिंता करू नये. यंत्राच्या 16 केबी रॉममधल्या मजकुराचा हक्क ॲमस्ट्रॅडकडे गेला खरा, पण एम्युलेटरबरोबर तो वाटायला त्यांनी 1999 मध्ये उघड परवानगी दिली. दारावर कोणी आलेच, तर ते बिल मागायला आलेले असेल.

आता कृती.

एम्युलेटर उघडल्यावर पांढऱ्या पडद्याच्या तळाशी सिंक्लेअर रिसर्च आणि 1982 ही अक्षरे दिसली, की क्षणभर हात बाजूला ठेवावेत. या यंत्रावर टाइप करायचे नसते. एका कळीला एक अख्खा शब्द असतो. जे दाबले की लोड, पी दाबले की प्रिंट, ओ दाबले की पोक. बिन आणि यूएसआरसारखे शब्द दोन्ही शिफ्ट एकदम दाबून मग तिसरी कळ शोधल्यावर मिळतात. ही बोटांची सवय असते, बुद्धीचा तिच्याशी संबंध नाही. ज्या माणसाला काल चष्मा कुठे ठेवला ते सांगता येत नाही, त्याची बोटे जे आणि त्यामागून दोन अवतरणचिन्हे अंधारात दाबतात.

कॅसेटवरचा खेळ चढवताना जलद लोडिंगची सोय बंद ठेवावी. ही सूचना महत्त्वाची आहे. आधी काही सेकंद एकसुरी शिटी, पडद्याच्या कडेला लाल-निळसर जाड पट्टे. मग कर्कश खरखर आणि निळे-पिवळे बारीक पट्टे. 48 केबीचा खेळ चढायला चार-पाच मिनिटे लागतात. आजचा लॅपटॉप हेच काम डोळ्याची पापणी लवण्याआधी उरकतो, पण मग त्या पाच मिनिटांत करायचे काय? तेवढ्या वेळात चहा होतो, आणि चढेल की नाही ही धाकधूकही होऊन जाते. रात्री दहानंतर हेडफोन लावावा. शिटी ऐकून वरच्या मजल्यावरचे लोक कुकर बघायला धावतात.

जुन्या कॅसेटी अजून जवळ असतील, तर त्यांचा आवाज संगणकात घेऊन त्याची टेप-फाइल करता येते. टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारचा छोटा स्क्रू बारीक पेचकसाने किंचित फिरवत राहावे. शिटी जिथे सर्वांत तीक्ष्ण ऐकू येते, तिथे थांबावे. मात्र पुष्कळ घरांत अशा कॅसेटच्या उरलेल्या भागावर नंतर भजनी मंडळ भरलेले असते. तो भाग एम्युलेटरला ऐकवू नये. त्यावर त्याचे मत एकच असते: ‘आर टेप लोडिंग एरर’.

खेळांचा कंटाळा आला, तर मराठी अक्षरे घडवावीत. या यंत्रात स्वतःची 21 चिन्हे बनवायची मुभा आहे. प्रत्येक चिन्ह आठ बाय आठ ठिपक्यांचे, म्हणजे आठ ओळींचे आठ आकडे. ‘प’ हवा असेल, तर 255, 34, 34, 34, 30, 2, 2 आणि 0. पहिला 255 म्हणजे सलग शिरोरेषा. तीन 34 म्हणजे डावी-उजवीकडचे दोन खांब. 30 मध्ये डावा खांब वळून उजव्याला मिळतो, आणि उरलेल्या दोन ओळींत उजवा दांडा एकटाच खाली उतरतो. तिसरी ओळ 50 आणि चौथी 42 केली, की प्रत्येकी एक ठिपका वाढतो, पोट फुटते आणि ‘ष’ होतो. इथवर सुख आहे. वेलांटीला वर जागा नाही, उकाराला खाली नाही, आणि व्यंजनांनाच 21 घरे अपुरी पडतात, मग जोडाक्षरांनी कुठे राहावे? ऱ्हस्व-दीर्घाचा वाद या यंत्रावर उद्भवत नाही. एवढ्या एका कारणासाठी ते मराठी शाळांत वाटायला हरकत नव्हती.

यानंतरचा भाग घरच्यांना कळणार नाही. तो वेगळ्या खोलीत वाचावा.

स्पेक्ट्रमचे रंग आठ बाय आठच्या चौकटीत बसवलेले असतात, आणि एका चौकटीत दोनच रंग राहू शकतात. त्यामुळे हिरव्या झाडासमोरून पिवळा माणूस गेला, की झाड त्याच्याबरोबर पिवळे होत जाते. हा दोष आहे, आणि एम्युलेटरने तो जसाच्या तसा पाळला पाहिजे. ज्या एम्युलेटरमध्ये झाड हिरवेच राहते, तो काढून टाकावा. ज्याला हिरवे झाड हवे आहे, त्याने खिडकीबाहेर पाहावे.

दोषाची खोली इथे संपत नाही. पडद्याचे चित्र ठेवणारी 16 केबी मेमरी झेड-80 आणि यूएलए नावाची चिप या दोघांत सामायिक असते. यूएलए चित्र काढत असताना झेड-80 ला त्या मेमरीत हात घालायचा असेल, तर थांबावे लागते. गुढियारीच्या अंडरब्रिजखाली पाणी साचल्यावर समोरची गाडी निघेपर्यंत आपण थांबतो, तसेच. फरक इतकाच की इथे थांबण्याचे कोष्टक ठरलेले आहे: आपण कोणत्या क्षणी पोचतो त्यावर 6, 5, 4, 3, 2, 1 किंवा शून्य ठोके. 50 हर्ट्झच्या टीव्हीवर एक पूर्ण चित्र उमटेपर्यंत बरोबर 69,888 ठोके होतात. काही खेळ लिहिणाऱ्यांनी याचा फायदा घेतला. ज्या पोर्टला काहीच जोडलेले नाही तो वाचला, की यूएलए त्या क्षणी चित्राचा जो बाइट उचलत असेल तो हाती लागतो, आणि टीव्हीवरची रेघ कुठवर आली ते कळते. ‘आर्कनॉइड’ आणि ‘कोब्रा’ हे खेळ या चोरवाटेने चालतात. एम्युलेटरने ही चोरवाट बांधली नसेल, तर ‘आर्कनॉइड’ अडून बसतो.

याहून एक बारीक गोष्ट आहे. काही यंत्रे थंड असताना एक वेळ पाळायची आणि तापल्यावर एका ठोक्याने मागे सरकायची. एक ठोका म्हणजे सेकंदाचा 35 लाखावा भाग. चांगल्या एम्युलेटरमध्ये यासाठी ‘लेट टायमिंग्ज’ असा पर्यायच असतो. हावडा-मुंबई मार्गाच्या कडेला आयुष्य काढलेल्या माणसाला तो समजावून सांगायची गरज नाही. रायपुरात मे महिन्यात पारा 44 ला टेकला, की हा पर्याय चालू करावा. यंत्र तापले असे समजून चालावे. लॅपटॉप तर तापलेला असतोच.

आता अपडेटविषयी. सूचना काढण्याचे खरे कारण हेच.

‘जे यंत्र पस्तीस वर्षांपूर्वी बंद पडले, त्यात आता काय सुधारायचे राहिले आहे?’ हा प्रश्न घरून हमखास येतो. उत्तर असे की नक्कल अजून पुरेशी वाईट झालेली नाही. मूळ यंत्र जिथे अडखळायचे, तिथे ती अजून कुठेतरी सुरळीत चालते. सुरळीतपणा शोधून काढणे हेच अपडेटचे काम. बँकेच्या ॲपचे अपडेट आले की कालची बटणे आज सापडत नाहीत. इथे अपडेट आले की बटण चाळीस वर्षांपूर्वी जिथे होते तिथे आणखी घट्ट बसते. जगात अशी दुसरी वस्तू आमच्या पाहण्यात नाही. आणि 2024 मध्ये झायलॉगने मूळ झेड-80 चिपच्या शेवटच्या मागण्या घेऊन तिचे उत्पादन आटोपते घेतल्यापासून नकलेवरची जबाबदारी वाढलीच आहे.

उदाहरणादाखल ‘फ्यूज’ घ्यावा. फिलिप केंडल यांनी 1999 मध्ये सुरू केलेला हा एम्युलेटर फुकट आहे, त्याचा सगळा कोड उघडा आहे, आणि त्यात भर घालणारी माणसे नोकरीधंदा सांभाळून उरलेल्या वेळात ते काम करतात. त्याची 1.6.0 ही आवृत्ती फेब्रुवारी 2021 मध्ये आली. पुढची कधी, हे विचारण्याची शिष्टसंमत पद्धत एकच आहे: विचारू नये. गुढियारीच्या ठोक बाजारात वाढलेल्या माणसाला हे जड जाते. इथे पोते उचलण्याआधी ‘थोडा और देख लो’ म्हणायची पद्धत आहे. पण ज्याचा भावच शून्य आहे, त्यात आणखी काय कमी करून मागणार?

वाट पाहणे आणि तगादा लावणे यांत फरक आहे. वाट पाहणारा रात्री झोपण्यापूर्वी एकदा आवृत्तीचा क्रमांक बघतो आणि दिवा मालवतो. तगादा लावणारा लिहितो, ‘हे कधी दुरुस्त करताय?’ खरोखरच दोष सापडला असेल, तर तो असा कळवावा: कोणते मॉडेल निवडले होते, कोणती टेप-फाइल, काय व्हायला हवे होते आणि काय झाले. सोबत त्या क्षणाची स्नॅपशॉट फाइल जोडावी. ‘माझ्या लहानपणी हा राक्षस इतक्या वेगाने येत नव्हता’ हा पुरावा धरला जात नाही, मग तो कितीही खरा असो.

सी भाषा येत असेल, तर कोड उतरवून स्वतःच दुरुस्ती करता येते. असे करणाऱ्याने रविवार निवडू नये. एक ठोका इकडचा तिकडे केला की ‘आर्कनॉइड’ सुरू होतो आणि ‘कोब्रा’ बंद पडतो, दुपारचे जेवण निवते, आणि घरात जो सूर लागतो तो पुढच्या रविवारपर्यंत टिकतो.

इच्छा बाळगायला बंदी नाही, यादी मात्र आवरती ठेवावी. टेपचा आवाज स्पीकरमधून आणखी थोडा फाटका यावा, ही इच्छा रास्त आहे. जुन्या टीव्हीवर रंग एकमेकांत जसे ओघळायचे तसे ओघळावेत, हीसुद्धा. वीज गेल्यावर लिहिलेला सगळा प्रोग्राम पुसला जावा, ही कोणाची इच्छा असेल तर ती त्याने मनात ठेवावी. लॅपटॉपच्या बॅटरीमुळे ती सध्या पुरी होण्यासारखी नाही.

अखेर अपडेट येते, कारण कधी ना कधी ते येतेच. आल्या दिवशी जुनी आवृत्ती पुसू नये. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवाव्यात आणि ‘आर्कनॉइड’ आधी चालवून पाहावा. मग बदलांची यादी वाचावी. तीत बहुधा एक ओळ अशी असते की अमुक मॉडेलच्या, जे आपल्याकडे कधीच नव्हते, अमुक पोर्टच्या वेळेत एका ठोक्याची दुरुस्ती केली आहे. ही ओळ दोनदा वाचावी. ती बायकोला वाचून दाखवायची असेल, तर विजेचे बिल आधी भरलेले असावे, आणि तिच्या हातात त्या वेळी लाटणे नसावे.