बारशाआधीचा दाखला

माझी मुलगी जर्मनीत जन्मली. ती जन्मली याबद्दल तिच्या आईला शंका नव्हती, डॉक्टरांना नव्हती, आणि खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंना तर रात्री दोन वाजता मुळीच नसे. शहराच्या नोंदणी कार्यालयालाही तिच्याबद्दल तक्रार नव्हती. त्यांचा प्रश्न माझ्याबद्दल होता. मी जन्मलो होतो का?

शहराचं नाव सांगत नाही. तिथे अजून व्हिसाची मुदत वाढवून घ्यायची आहे.

जर्मनीत बाळ जन्मलं की आठवड्याच्या आत ते कळवावं लागतं. हे काम इस्पितळच करतं, त्यामुळे पहिले काही दिवस बाप फुकटच आनंदात असतो. मग बाळाचा जन्मदाखला आणायला जावं, तर आईबापांचे मूळ जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला मागतात. मी पासपोर्ट पुढे केला. खिडकीतल्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, ‘‘हा तुम्ही कोण आहात ते सांगतो. तुम्ही जन्मलात कुठे आणि कुणाच्या पोटी, ते मला जन्माच्या कागदावरून हवंय.’’

मी गावी वडिलांना, म्हणजे अण्णांना, फोन लावला. अण्णांनी दाखला धुंडाळून व्हॉट्सअॅपवर पाठवला. त्यात तारीख होती, वेळ होती, आईचं नाव होतं, वडिलांचं होतं, ‘लिंग: पुरुष’ होतं. ‘बाळाचे नाव’ या रकान्यात मात्र एक आडवी रेघ.

‘‘अण्णा, दाखल्यावर माझं नावच नाहीये.’’

‘‘असणार कसं? तू जन्मलास त्याच्या तिसऱ्या दिवशी मी नोंद करून आलो. बारसं बाराव्या दिवशी. तिसऱ्या दिवशी तुझं नाव ब्रह्मदेवाला तरी ठाऊक होतं का?’’

हे बिनतोड होतं. कायदाही अण्णांच्याच बाजूचा आहे. आपल्याकडे जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची आणि नाव मागाहून चढवायचं, अशी सोय आहे. ती पंधरा वर्षांपर्यंत. पण अण्णांना वाटलं नोंद झाली म्हणजे काम झालं, आणि मागाहून चढवायची गोष्ट मागेच राहिली. शाळेत दाखला दाखवला, मास्तरांनी चेहरा बघून नाव लिहून घेतलं, आणि तिथून पुढे पदवी, पासपोर्ट, लग्न, नोकरी असं सगळं बिनबोभाट पार पडलं. कागदोपत्री आमच्या तालुक्याच्या गावी अमुक दिवशी एक पुरुष जन्मला होता, एवढंच सिद्ध होत होतं. तो पुढे मीच झालो याला पुरावा नव्हता.

अण्णा नगरपालिकेत गेले. तिथल्या साहेबांनी रजिस्टर काढलं, पान उलटलं आणि विचारलं, ‘‘हा इसम म्हणजे तुमचा मुलगाच कशावरून?’’ अण्णा चाळीस वर्षं मास्तरकी केलेले. त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, प्रतिज्ञापत्र आणि स्वतःचा आवाज, चारही साधनं वापरली. सुदैवाने जुन्या नोंदींत नाव घालायला सरकार अधूनमधून मुदत वाढवतं, तशी ती वाढलेली होती. मी वयाच्या पस्तिशीत नामकरण होऊन मोकळा झालो. आईने त्या दिवशी पुन्हा घुगऱ्या केल्या.

दाखला मग मंत्रालयात जाऊन शिक्का घेऊन आला, दिल्लीहून अपॉस्टिलचं स्टिकर लावून आला. मी तो अधिकृत भाषांतरकाराकडे दिला. त्याने मूळ दाखल्याची प्रत आणि भाषांतर एकत्र टाचून वर गोल शिक्का अशा बेताने मारला की तो निम्मा या पानावर, निम्मा त्या पानावर. देताना बजावलं, ‘‘ही पिन काढायची नाही. काढली की सगळं बाद.’’ आता गंमत अशी, की जर्मनीत प्रत्येक घरी लिव्हरची जाडजूड फाइल असते, तिच्यात कागद अडकवायला आठ सेंटिमीटर अंतरावर दोन भोकं पाडावी लागतात, आणि भोकं पाडायचा मोह त्या लोकांना आवरत नाही. खिडकीतल्या बाईंनी माझा गठ्ठा हातात घेतला तेव्हा त्यांचा दुसरा हात पंचिंग मशिनकडे निघालेला मी पाहिला. मी जवळजवळ खिडकीतून आत गेलो.

बाईंनी मशीन खाली ठेवलं, स्टिकर पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘हे भारताचं आहे. आम्हाला चालत नाही.’’

भारत 2005 साली अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. इतर पुष्कळ देशांत ते स्टिकर चालतं. जर्मनीने मात्र भारताच्या सहभागाला आक्षेप नोंदवलेला आहे. त्यामुळे तिथलं कार्यालय भारतातल्या जर्मन वकिलातीला कळवतं, वकिलात तिथला एक वकील नेमते, आणि तो वकील प्रत्यक्ष जाऊन खातरजमा करून येतो. त्याचा खर्च अर्थातच जन्मलेल्या माणसाकडे.

तोवर मुलीच्या नोंदीचा एक उतारा मिळाला. त्यावर माझ्या नावापुढे टीप होती: ‘ओळख सिद्ध झालेली नाही’. काही दिवसांनी मुलीच्या नावाने आयुष्यातलं पहिलं पत्र आलं. ते करखात्याचं होतं. अकरा आकडी करक्रमांक, तहहयात. तिला अजून मान धरता येत नव्हती. माझ्या पगारातूनही कर व्यवस्थित कापला जात होता. करखात्याला आमच्या कुटुंबाबद्दल कुठलीच शंका नव्हती, हे मला फार दिलासा देऊन गेलं.

वकील गावी जाऊन आला. नगरपालिकेत रजिस्टर पाहिलं, मग आळीत चौकशी केली. शेजारच्या काकूंनी दारातच साक्ष दिली, ‘‘जन्मला तर! सहा महिने आळीला झोप नव्हती.’’ अहवालात हे आलं की नाही कोण जाणे, पण खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंना मी ते आवर्जून सांगितलं. हे आनुवंशिक आहे, एवढं तरी त्यांना कळावं.

या हेलपाट्यांत मला आनंदीबाई जोशी आठवायच्या. त्या 1883 साली कलकत्त्याहून बोटीत बसल्या, न्यूयॉर्कला उतरल्या आणि 1886 मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. तेव्हा अमेरिकेला जायला व्हिसा लागत नव्हता. सरसकट पासपोर्टचं लचांड पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झालं आणि मग गळ्यातच पडलं. टर्मिन मिळवण्यात जाणारी सगळी ताकद आनंदीबाईंना समाजाशी भांडायला वापरता आली. त्यांना तीही कमीच पडली असणार. (टर्मिन म्हणजे कार्यालयात भेटायची ठरलेली वेळ. जर्मनीतला मराठी माणूस पहिल्या महिन्यात हा शब्द शिकतो आणि पुढे झोपेतही तोच म्हणतो.)

माझ्या जन्माची खातरजमा झाल्यावर बायकोचे कागद निघाले. पासपोर्टवर तिचं नाव, मग माझं, मग आडनाव. तिच्या जन्मदाखल्यावर तिचं नाव, मग सासऱ्यांचं, मग दुसरंच आडनाव. माझ्या पासपोर्टवर मी आणि अण्णा.

‘‘तुमच्या पत्नीला दोन नावं आहेत आणि त्यातलं एक पुरुषाचं आहे,’’ बाई म्हणाल्या.

‘‘ते माझं आहे.’’

‘‘तुमचं दुसरं नाव?’’

‘‘ते वडिलांचं.’’

‘‘आणि लग्नाआधी पत्नीचं दुसरं नाव वेगळं होतं? आमच्याकडे पहिलं नाव बदलायला कायद्याने तसंच महत्त्वाचं कारण लागतं. काय कारण होतं?’’

‘‘लग्न.’’

बाईंनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. आपल्याकडे तलाठ्याला ‘भाऊसाहेब, बघा की जरा’ म्हटलं की निम्मं काम होतं. या बाईंना काय म्हणावं हे मला सुचेना. मला वाटतं त्यांनाही सुचत नव्हतं. मग त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. ज्या नावाने हाक मारतात त्याच्याखाली रेघ मारायची होती. बायकोने स्वतःच्या नावाखाली रेघ मारली आणि माझ्या नावाकडे असं पाहिलं, की लेकीच्या फॉर्मवर काय होणार ते मला तिथेच कळलं. मुलीच्या नावात मी नाही. फोनवर अण्णांना हे सांगताना मी चाचरत होतो. ‘‘बापाचं नाव लावायचं नाही?’’ ते गरजले. मग थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘बरंय. पुढच्या पिढीचे हेलपाटे वाचतील.’’

दाखला मिळाला, पण मुलगी परदेशीच. जर्मनीत जन्मली म्हणजे जर्मन झाली असं नाही. आईबापांपैकी एकाचा पुरेशा वर्षांचा कायदेशीर मुक्काम आणि कायमचा परवाना असेल, तरच ते होतं. आमचं तसं नव्हतं. म्हणून सहा महिन्यांच्या आत तिच्या वास्तव्य परवान्याचा अर्ज करायचा, आणि त्यासाठी भारतीय पासपोर्ट काढायचा. तिने आयुष्यात एकही सीमा ओलांडलेली नव्हती. तिचा सगळ्यात लांबचा प्रवास इस्पितळातून घरी, ट्रामने.

फोटोत बाळाचे डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं, दुसऱ्या कुणाचा हात दिसता कामा नये. चार महिन्यांच्या बाळाचं तोंड मिटलेलं असतं तेव्हा डोळेही मिटलेले असतात. फोटोग्राफरने पांढऱ्या चादरीवर तिला निजवून खुळखुळा वाजवला, आणि एका क्षणी तिने खरोखरच एखाद्या उपजिल्हाधिकाऱ्यासारखं पाहिलं. फोटो पास झाला.

पासपोर्टच्या अर्जावर सहीच्या चौकटीत अंगठा उठवायचा होता. मूठ उघडून एवढासा अंगठा शाईवर टेकवला, तर तिने तो आधी तोंडात घातला आणि मग आईच्या साडीवर उमटवला. शेवटी झोपेत काम साधलं. आमच्या घराण्यात अंगठा उठवणं पणजीबरोबर संपलं होतं, ते लेकीने जर्मनीत पुन्हा सुरू केलं.

परवान्याचं कार्ड आलं आहे. ते माझ्या मुदतीपर्यंतच चालतं, म्हणजे पुढच्या खेपेला आम्ही सगळे एकत्र रांगेत. तुमच्या घरी नुकतं बाळ आलं असेल, तर बारशाच्या दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेत जाऊन दाखल्यावर नाव चढवून घ्या. पेढे नंतर वाटले तरी चालतात.