फोकसची हौस आणि फ्यूजचं कर्तव्य

ट्रॅक्टरला कंपनीतून जे दिवे येतात ते रस्ता दिसण्यापुरते असतात. मालक दिसण्यासाठी लागणारे दिवे नंतर बसवावे लागतात. पाटोदा तालुक्यातल्या ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. त्याआधी ट्रॅक्टरवर फोकस, टेप, बूस्टर, जादा हॉर्न आणि रंगीत पट्ट्या चढतात. बॅटरी तीच राहते, १२ व्होल्टची.

हिशेब साध्या भागाकाराचा आहे. वॉटला व्होल्टने भागलं की अँपिअर निघतात. ५५ वॉटचे दोन फोकस म्हणजे ११० भागिले १२, सुमारे ९.२ अँपिअर. त्यात खबरदारी म्हणून पाव हिस्सा मिळवला की साडेअकरा होतात. म्हणून फ्यूज १५ अँपिअरचा, निळा. दहाचा लाल, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा. वायर फ्यूजपेक्षा जास्त करंट सोसणारी हवी, कारण फ्यूज असतो तो वायर वाचवायला. त्याची जागा बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. तो फोकसजवळ बसवला तर मधली सगळी वायर देवाच्या भरवशावर राहते, आणि देवाला हंगामात इतरही कामं असतात.

नऊ अँपिअर थेट डॅशबोर्डवरच्या नाजूक बटणातून नेले की बटण आधी तापतं, मग वितळतं. म्हणून रिले. त्यात बटणाकडे मुकादमकी येते: मोळी उचलायची नाही, नुसता आवाज द्यायचा. ८५ आणि ८६ या पायांमधल्या गुंडाळीला जेमतेम ०.२ अँपिअर पुरतात. बटणाची वायर ८६ ला, ८५ अर्थला. गुंडाळीचं चुंबक झालं की ३० आणि ८७ जोडले जातात. ३० वर फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वर फोकस. पाच पायांच्या रिलेत मधोमध ८७ए असतो. फोकस त्याला जोडला तर बटण बंद केल्यावर दिवे लागतात, आणि सकाळी ट्रॅक्टर धक्का मागतो.

एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणाऱ्या हॉर्नला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११९ ची मनाई आहे. तिथे फ्यूज कितीही अचूक असला तरी उपयोग नाही.

फ्यूज उडाला की दोष शोधण्याऐवजी बहुधा फ्यूजचाच बंदोबस्त होतो. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची जाड तार लावली की तो पुन्हा उडत नाही. पुढची पाळी वायरची आणि मग ट्रॉलीतल्या वाळल्या पाचटाची. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज लावावा. तोही उडाला तर वायर तपासावी. फ्यूज किरकोळ पैशांत रोखीने मिळतो, ट्रॅक्टर हप्त्यांवर.