पाच इंच बाय पाऊण इंच

लाकूड दिसलं की नाना मनातल्या मनात त्याचे तुकडे पाडतात. पाच इंच लांब, पाऊण इंच चौरस. लग्नात अक्षता पडत असताना त्यांची नजर चौरंगाच्या पायांवर असते. मध्यंतरी छातीत कळ आली म्हणून डॉक्टरांकडे नेलं, तर टेबलाच्या कडेवरून नख फिरवत आधी म्हणाले, "जुना शिसव आहे हो. मोडीत काढाल तेव्हा कळवा." मग कळ सांगितली.

बँकेच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेला माणूस एक तर सोसायटीचा हिशेब तपासतो, नाही तर हार्मोनियम शिकतो. नानांचं दोन्ही करून झालं होतं. शेवटी बेंगळुरूच्या मुलाने त्यांना मेजावर मावेल असा छोटा लेथ घेऊन दिला आणि नाना लाकडाची पेनं करायला लागले. लेथ बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी बसला. "एक मशीन कपडे धुतं, दुसरं मळवतं," असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. गेल्या उन्हाळ्यात कुरडयांवर सागवानी भुशाचा थर बसला. नानांनी तो भिंग लावून पाहिला आणि "पोत चांगला आलाय" म्हणाले. कुरडयांचा नव्हे, भुशाचा.

पेन करणं म्हणजे लाकूड गोल करणं, असं आपल्याला वाटतं. तसं नानांसमोर म्हणू नये. तुकडा मधोमध कापायचा, दोन्ही अर्ध्यांत उभं सात मिलिमीटरचं भोक पाडायचं, त्यात पितळी नळी चिकटवायची, टोकं नळीला काटकोनात सपाट करायची, मग दोन्ही अर्धे एका सळईत ओवून लेथवर चढवायचे. गोल करण्याची पाळी त्यानंतर. यातली प्रत्येक पायरी नवशिक्याला एकदा तरी पाडते, आणि नानांना पडण्याची नोंद ठेवायची सवय आहे. त्यासाठी त्यांनी लाल कापडी बांधणीची वही केली आहे. "आंबा. भोक वरून मध्यभागी, खालून कडेने बाहेर. जबाबदारी निश्चित करणे." जबाबदारी पुढच्या ओळीत निश्चित झालेली असते, आणि ती नानांची कधीच नसते. लाकडाची नस तिरकी होती, ड्रिल हलक्या प्रतीचं होतं, महावितरणचा दाब कमी होता. वाया गेलेल्या तुकड्यापुढे लाल शाईत एकच शब्द: निर्लेखित.

नळी चिकटवायचा तो झटपट डिंक, सायनोअ‍ॅक्रिलेट, काही सेकंदांत धरतो. नळी फिरवत-फिरवत एका दमात आत ढकलायची असते. नाना पडले तपासणी खात्यातले. अर्धी नळी आत गेल्यावर ती सरळ आहे की नाही हे पाहायला ते थांबले. नळी अर्धी आत, अर्धी बाहेर अशी कायम झाली आणि डाव्या हाताची दोन बोटंही तिच्यासोबत गेली. हा डिंक अ‍ॅसिटोनने सुटतो हे त्यांना पाठ होतं. काकू नेलपॉलिश लावत नाहीत. तेव्हा पितळी नळी आणि बाभळीचा ठोकळा बोटांना लटकवून नाना तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजकन्येकडे गेले आणि रिमूव्हर मागितलं. तिने दिलेल्या बाटलीवर ठळक छापलं होतं: अ‍ॅसिटोनविरहित. त्या संध्याकाळी सोसायटीच्या सभेत नानांनी ठरावाच्या बाजूने जो हात वर केला, तो ठोकळ्यासकट होता.

गुरू यूट्यूबवरचा. पांढऱ्या दाढीचा गोरा आजोबा. तो पटाशी टेकवतो आणि लाकडाच्या लांबच लांब रिबिनी त्याच्या खांद्यावरून मागे उडतात. नानांच्या पटाशीखालून पीठ पडायचं. कारण साधं होतं, धार नव्हती. सागाच्या लाकडात सिलिका असते, ती पटाशीची धार बघता-बघता खाऊन टाकते. पुन:पुन्हा दगडावर जायला लागतं. नानांना दगडावर जाणं कमीपणाचं वाटे. बोथट पटाशी ते जोरात दाबत. मग ती कुठेतरी अडके, ठक्‌ असा आवाज होई आणि अर्धं पेन कपड्यांच्या दोरीकडे जाई. दोन-तीन बनियन अशी धारातीर्थी पडल्यावर नाना पटाशी सोडून पॉलिशपेपरकडे वळले. ऐंशी नंबरच्या पॉलिशपेपरने काहीही गोल होतं, वेळ असला की झालं. वेळेला तोटा नव्हता. पण अशी पेनं पोटात फुगायची आणि टोकांना बारीक व्हायची. काकूंनी पहिलं पेन पाहिलं, हातात तोललं आणि "पुऱ्यांना बरं आहे" म्हणाल्या.

एका सकाळी मात्र मी तिथे असताना वेगळंच घडलं. नानांनी आदल्या रात्री भवानी पेठेतल्या एका जुन्या सुताराकडून पटाशीला धार लावून आणली होती. सुताराने ना दगडाचा नंबर सांगितला ना कोन, नुसतं "दाबू नका" म्हणाला. नानांनी पटाशीची पाठ फिरत्या चिंचेवर आधी नुसती टेकवली. ती घासली जात होती, कापत नव्हती. मग मूठ केसभर उचलली. पात्याच्या तिरप्या अंगाने लाकूड धरलं आणि एक पातळ, ओलसर वाटावी अशी पट्टी सुटली. दोन हात लांब. ती नानांच्या मनगटाला गुंडाळत गेली, आवाजाची खरखर जाऊन सळसळ झाली, आणि खाली चिंचेचा गाभा दिसला, तपकिरी, मधून जांभळी रेघ. नानांनी लेथ बंद केला. वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. काकूंना हाक मारली. त्या हात पुसत आल्या, पट्टी हातात घेतली, ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "ही केरात टाकायची नाही." माझ्या माहितीत काकूंनी या छंदाला दिलेली ही एकमेव मान्यता.

मान्यता भाद्रपदापर्यंत टिकली. मुलाकडे गेले असताना नाना म्हैसूर रस्त्यावरच्या चन्नपट्टणला जाऊन आले. तिथे लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, आणि वरून केवड्याचं पान घासून चकाकी काढतात. नाना हे पाहून भारावून परतले आणि गणपतीच्या पत्रीतला केवडा पूजेआधीच गायब झाला. काकूंनी त्या दिवशी मोदक वाढले, पण मोजून.

छंदाची खरी झळ पुढे, भेटीच्या वेळी. पेनाच्या किटमध्ये एक फिरकी असते, ती लाकडी नळीत दाबून बसवायची. जरा कमी दाबली तर पुढे सरकवता येते, जास्त दाबली तर मागे घ्यायचा उपाय नाही. रिफिलचं टोक कायमचं बाहेर राहतं. नाना दाबतात जास्त. त्यामुळे नानांनी पेन कोणाला दिलं हे विचारावं लागत नाही, शर्टाच्या खिशाखाली निळा ठिपका पाहावा. आमच्या चेअरमनना आहे, पोस्टमनला आहे, जावयाला दोन आहेत. देताना नाना स्वत:च दोष दाखवतात: दोन अर्ध्यांच्या रेषा जुळल्या नाहीत, बघा, एक तुकडा उलटा चढला. आपल्याला काही दिसत नाही, पण नाना खिडकीशी नेऊन दाखवतात. "नाही हो, छान आहे," म्हटलं की त्यांना बरं वाटत नाही. "हो, दिसतंय खरं," म्हटलं तर अजिबातच बरं वाटत नाही.

आणि वंशावळ ऐकावी लागते. हे कसब्यातल्या पाडलेल्या वाड्याच्या तुळईचं, हे आत्याच्या रवीचं, हे भाच्याच्या बॅटचं. बॅटचं पेन मऊ लाकडामुळे चेपतं, पण भाचा शतक केलेली बॅट म्हणतो. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी गांधीजींसाठी स्वदेशी पेन केलं ही गोष्ट नाना प्रत्येक पेनासोबत देतात. पुढची पायरी एबोनाइटचं फाउंटन पेन, असं जाहीर झालं आहे. आम्ही पांढरे शर्ट आतापासून बाजूला काढले आहेत.

सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटला एकट्या नानांचा विरोध होता. सगळ्यांना वाटलं, कार्पेट एरियासाठी अडून बसलेत. तसं नव्हतं. नव्या नकाशात फक्त ड्राय बाल्कनी होती, आणि तीत वॉशिंग मशीन बसतं, लेथ बसत नाही. महिनाभर समजूत घालून झाली. शेवटी बिल्डर स्वत: आला, पांढऱ्या लिननच्या शर्टात, आणि बोलता-बोलता म्हणाला, जुन्या दारांच्या चौकटी काय, भंगारवाला नेईल. नाना ताठ बसले. या इमारतीत चोवीस फ्लॅट, सगळ्या चौकटी बर्मा सागाच्या.

"चौकटी माझ्या. करारात कलम घाला."

कलम घातलं गेलं. नानांनी खिशातून नवं पेन काढलं, बिल्डरच्या हातात दिलं आणि सगळ्या पानांवर सह्या झाल्यावर म्हणाले, "राहू दे, तुम्हालाच." बिल्डरने ते कौतुकाने फिरवून पाहिलं आणि छातीच्या खिशात ठेवलं. आमचा सेक्रेटरी तोंड उघडणार एवढ्यात चेअरमननी त्याच्या हातात करार कोंबला. "आधी जा, झेरॉक्स काढून आण."