एम-थ्रीचे सर: नवशिक्यांसाठी

हे मार्गदर्शन रे रोडहून हार्बर लाईनने इंजिनिअरिंग कॉलेजला एम-थ्री, म्हणजे मॅथ्स थ्री, शिकायला जाणाऱ्यांसाठी आहे. वेस्टर्नवाल्यांनी आपापलं बघावं.

साहित्य: दोनशे पानी वही, कुंभोजकरांचं पुस्तक आणि पेन्सिली दोन. पुस्तक नवं घेऊ नये. सीनिअरचं घ्यावं, म्हणजे कोणत्या गणितापाशी त्याने हात टेकले ते समासातल्या शिव्यांवरून कळतं. पेन्सिली मात्र दोनच, एक नाही.

आधी हे सगळं आपल्या वाट्याला का आलं, ते समजून घ्यावं. स्टेशनच्या पाटीवरचे रे म्हणजे लॉर्ड रे, 1885 ते 1890 मुंबईचे गव्हर्नर. त्यांच्याच कारकिर्दीत, 1887 साली, व्हीजेटीआय स्थापन झाली आणि मुंबईतल्या मुलांना इंजिनिअर करायची टूम निघाली. 1910 साली हार्बरचा पहिला तुकडा सुरू झाला तो कुर्ला ते रे रोड. व्हीटीपर्यंत गाडी जायला 1925 उजाडलं. म्हणजे पंधरा वर्षं सगळं रे रोडलाच येऊन संपत होतं. एम-थ्रीच्या पेपरनंतर असंच वाटतं.

पहिल्या दिवशी वर्गात कोणी विचारलं की कुठे राहतोस, तर ‘दारूखान्याला’ म्हणू नये. हा दारूखाना बंदुकीच्या दारूचा आणि आता तिथे जहाजं तोडतात, भंगार विकतात, हे समजावेपर्यंत मागच्या बाकाचं हसून झालेलं असतं. आणि सर हसण्याचा आवाज जिथून आला तिथे बघत नाहीत, हसवणाऱ्याकडे बघतात.

आता सर. सर बरोब्बर पावणेनऊला दाराला कडी घालतात. ‘गाडी लेट होती’ हे कारण कडीच्या पलीकडून ऐकू येत नाही. उजव्या हातात खडू, डाव्या हातात डस्टर. फळ्याच्या उजव्या टोकाला उत्तर येईपर्यंत डावं टोक पुसून झालेलं असतं. आपल्या वाट्याला मधला दीडेक फूट येतो. तो उतरवून घ्यावा, समजून घेण्याच्या भानगडीत पडू नये. समजायला गेलात की तोही जातो.

ज्या वाक्याला घाबरायचं ते वाक्य असं: ‘पुढचं सोपं आहे.’ हे म्हणून सर थेट उत्तर लिहितात, खाली दोन रेघा मारतात आणि खडूचे हात झटकतात. मला हे पहिल्यांदा भेटलं ते लाप्लास ट्रान्सफॉर्ममध्ये. साइन 2टी, त्याला टीने गुणलेलं, त्याला पुन्हा ई रेझ टू मायनस 3टीने. सरांनी पहिली ओळ लिहिली. पुढचं सोपं होतं. खाली उत्तर: वर चार गुणिले एस अधिक तीन, छेदात एस वर्ग अधिक 6एस अधिक 13, सगळ्याचा वर्ग.

तेरा कुठून आला?

गणितात दोन होता, तीन होता. तेरा कोणी आणला? मी शेजारणीकडे बघितलं. तिने तेरा तीनदा गिरवून ठळक केला होता.

अशा वेळी एकटं वाटून घेऊ नये. खुद्द लाप्लासचा ग्रंथ इंग्रजीत आणणारा अमेरिकेतला बाउडिच सांगून गेलाय की, लाप्लासने ‘हे उघडच आहे’ असं लिहिलं की आपण समजायचं, आता मधली वाट शोधण्यात कित्येक तास जाणार. मूळ पुरुषच असा, तर सरांना काय बोलायचं? आणि कॉलेजच्या वाटेवर कुर्ल्यापुढे टिळकनगर लागतं. तिथे मनातल्या मनात नमस्कार करावा. टिळक फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि गणितं म्हणे तोंडीच सोडवून मोकळे व्हायचे. हुशार पोरं खूश, बाकीची गप्प. वर्षंही तीच, 1885 ते 1890. इकडे लॉर्ड रे राज्य करत होते, तिकडे टिळक स्टेप्स गाळत होते. आपण या दोघांच्या मधल्या गाडीत बसलेलो.

मार्कांचं थोडक्यात. आमच्या पॅटर्नमध्ये युनिव्हर्सिटीचे 80, इंटर्नलचे 20. पास व्हायला 32 आणि 8. ऐंशीचा पेपर कोण तपासतो ते देवाला ठाऊक, वीस मात्र सरांचे. मला सात मिळाले. घरी केटी, म्हणजे विषय राहणं, हा शब्द जपून वापरावा. मी फोनवर मैत्रिणीला ‘बहुतेक केटी येणार’ म्हणाले, तर आजीने त्या वर्गातल्या पारशिणीसाठी जास्तीचे पोहे भिजवले.

डाउट विचारायला स्टाफरूममध्ये जाताना ‘सर, समजलं नाही’ असं कधीही म्हणू नये. मी म्हटलं होतं. सर पेपरातून मान न काढता म्हणाले, ‘काय समजलं नाही ते समजलं की ये.’

तेव्हा राग आला. संध्याकाळच्या गाडीत वडाळ्याला खिडकी मिळाली म्हणून वही काढली. आधी नुसत्या साइनचं लिहिलं: छेदात एस वर्ग अधिक चार. मग टीसाठी डेरिव्हेटिव्ह. शिवडी गेलं. मग ई रेझ टू मायनस 3टी आहे म्हणून एसच्या जागी एस अधिक तीन. मी ते फक्त वर घातलं होतं, छेदात घालायचंच राहिलं होतं. कॉटन ग्रीनला कंस सोडवला: एस वर्ग, 6एस, नऊ. नऊ आणि तो आधीचा चार.

तेरा!

समोरच्या मावशींनी मेथीची जुडी मांडीवर ओढून घेतली. बहुधा मी मोठ्याने बोलले होते.

दुसऱ्या दिवशी गेले. ‘सर, तेरा म्हणजे नऊ अधिक चार. मी छेदात शिफ्ट केलं नव्हतं.’

‘मग आता आलीस कशाला?’

‘तुम्ही ते सोपं आहे म्हणालात. ते सोपं नाहीये.’

हे वाक्य नवशिक्यांनी पाठ करू नये. माझ्या तोंडून निसटलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. एक पाठकोरा कागद ओढला, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि ते गणित पहिल्यापासून लिहिलं. अकरा ओळी. एकही गाळली नाही. आठव्या ओळीवर स्वतःच थांबून खाडाखोडही केली. कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, ‘रीटेस्ट शनिवारी. पावणेनऊ.’

सातचे आठ तेव्हाही केले नाहीत. आणि पेन्सिल शर्टाच्या खिशात गेली ती गेलीच. म्हणून साहित्यात दोन.