यस म्हणायला माणूस हवा

आमच्या संस्थेची पगाराची फाइल बँकेच्या सर्व्हरवर चढवायचं काम स्क्रिप्टकडे सोपवलं. स्क्रिप्टला चहा लागत नाही, रजा लागत नाही, नंदुरबारचं मे महिन्यातलं ऊनही लागत नाही. रात्री तिने एसएफटीपीने जावं, फाइल ठेवावी, परत यावं, एवढंच. सकाळी लॉगमध्ये एकच ओळ: होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड.

‘काय व्हयनं, भाऊ?’ आमच्या आप्पांनी विचारलं.

व्हयनं असं, की एसएफटीपी ज्याच्या खांद्यावरून जातं ते एसएसएच पहिल्या भेटीत विचारतं, ‘हा सर्व्हर मला अनोळखी आहे, तरी पुढे जाऊ? यस की नो?’ मध्यरात्री यस म्हणायला ऑफिसात कोण असणार? उत्तर मिळालं नाही, की ते सरळ दार लावून घेतं.

त्याचंही चूक नाही. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरले, म्हणून तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. सगळं उघड्यावर बोलणाऱ्या एफटीपीचं पोर्ट २१, टेलनेटचं २३. मधलं २२ मोकळं होतं, ते त्यांनी एसटीत रुमाल टाकावा तसं धरलं.

मला कौतुक वाटतं ते इथल्या शिष्टाचाराचं. आधी सर्व्हरने आपली ओळख पटवायची, मग तुम्ही! आमच्या जिल्ह्याला हे परकंच. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत. तेव्हापासून आम्ही बोटं टेकवतोय. कष्टाने रेषा पुसट झालेला अंगठा रेशन दुकानातलं यंत्र ओळखत नाही. पण ‘बाबा रे, आधी तू कोण ते सांग’ असं त्या यंत्राला कोणी दरडावल्याचं ऐकिवात नाही.

एका जाणकाराने तोडगा दिला, ‘होस्ट की तपासूच नको म्हणून लिहून टाक, कटकट मिटेल.’ मिटेल खरी. मग वाटेत बसलेल्या कुठल्याही लुच्च्याला बँक समजून स्क्रिप्ट सगळ्यांचे पगार वाचून दाखवील. त्यापेक्षा बँकेलाच फोन लावला आणि सर्व्हरच्या होस्ट कीचा ठसा मागितला.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग उत्तर आलं, ‘सर, ठसा कस्टमरचा असतो.’

अखेर ४३ अक्षरी ठसा आला. मी स्क्रीनवर बोट ठेवून वाचत होतो, आप्पा कागदावर पेन्सिलीने टिक करत होते. ‘मोठा के, छोटा जे, तीन, अधिकचं चिन्ह…’ पुढचा छोटा एल की मोठा आय, यावर चहा गार झाला. ठसा जुळल्यावर तो ओळखीच्या यादीत बसवला. स्क्रिप्टची ओळख पटवणारी खासगी चावी मालकाखेरीज कोणाला वाचता येणार नाही अशी ठेवली. नाहीतर एसएसएच तिला हातही लावत नाही.

त्या रात्री फाइल बिनबोभाट पोचली. सकाळी बँकेतून फोन: ‘सर, फाइल मिळाली. आता ती तुम्हीच पाठवली, असं लेटरहेडवर लिहून, सहीशिक्का मारून माणसाबरोबर पाठवा.’

आप्पा चपला शोधू लागले.