सहलमंत्री

युरोपात नोकरीनिमित्त रुजलेल्या मराठी माणसांच्या प्रत्येक कंपूत एक सहलमंत्री असतो. त्याला कुणी नेमलेलं नसतं. निवडून तर मुळीच दिलेलं नसतं, त्यामुळे पाडायचीही सोय नसते. आमचा म्युनिकचा मंत्री एरवी अगदी साधा गृहस्थ. ऑफिसात सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेतो, शनिवारी भारतीय दुकानातून कोथिंबीर आणतो, आणि बायकोनं दिलेली यादी सामानासकट परत आणतो. पण गणपतीची आरती झाल्यावर, सगळ्यांच्या हातात शिऱ्याचे द्रोण असताना, कुणीतरी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून "एकदा प्राग करायला पाहिजे यार" असं म्हणतं, आणि मंत्र्याचा चमचा वाटेतच थांबतो.

म्हणणारा घरी जाऊन झोपतो. मंत्री झोपत नाही. रात्री साडेअकराला ग्रुपवर लिंक येते: 'प्राग वीकेंड, व्हर्जन १'. शीटला खाली पाच टॅब असतात. प्रवास, मुक्काम, दर्शन, खर्च आणि 'पाऊस आल्यास'. पहिल्या टॅबमध्ये म्युनिकहून प्रागला जाणारी यच्चयावत रेल्वे आणि बस, भाड्यासकट. शेजारी शेऱ्यांचा रकाना. रेल्वेपुढचा शेरा असा: "पिल्सेनवरून जाते. बिअरचं पिल्सेन ते हेच, १८४२. उतरायला वेळ नाही, खिडकीतून बघून घेणे."

माझं निदान असं आहे, की ह्या माणसाच्या डोक्यात युरोपातली प्रत्येक राजधानी म्हणजे अष्टविनायक आहे. आमच्या पिढीनं सहल नावाची वस्तू पहिल्यांदा पाहिली ती भाड्याच्या सुमोत, मागच्या आडव्या सीटवर, चुलतभावाच्या गुडघ्याला गुडघा लावून. पहाटे मोरगाव, मग सिद्धटेक, पाली, महड उरकून मुक्काम. दुसऱ्या दिवशी थेऊर, लेण्याद्रीच्या पायऱ्या, ओझर, रांजणगाव, आणि रात्री घरी येऊन पिठलं-भात. एकही सुटता कामा नये, आणि सगळं ड्रायव्हरच्या मर्जीच्या वेळात. ह्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परत यायचं आणि मध्ये एक अख्खं जुनं शहर उरकायचं, यात काही जास्त मागितल्यासारखं वाटत नाही.

प्रागच्या किल्ल्यातल्या सेंट व्हायटस कथीड्रलचं बांधकाम १३४४ मध्ये सुरू झालं आणि १९२९ मध्ये पुरं झालं. शीटमध्ये त्याला पस्तीस मिनिटं होती.

"अरे, पाचशे पंच्याऐंशी वर्षं लागली बांधायला," मी म्हणालो.

"म्हणून तर पस्तीस दिली," तो म्हणाला. "बाकीच्या चर्चना वीसच आहेत."

पेत्रिन टेकडीवरचा १८९१ सालचा मनोरा मात्र व्हर्जन २ मध्ये गायब झाला. हा मनोरा आयफेल टॉवर बघून आल्यावर उभारलेला, साठेक मीटरचा. आमचं पॅरिस आदल्या वर्षी झालेलं. मंत्र्यानं शेरा मारला, "डुप्लिकेट," आणि ओळ काढून टाकली. त्याजागी नामेस्ती मिरू ह्या मेट्रो स्टेशनचा सरकता जिना आला. सत्त्याऐंशी मीटर लांब, नुसतं उभं राहिलं तरी दोन मिनिटांहून जास्त वेळ चालतो. खर्चाच्या रकान्यात 'तिकिटातच'.

आता इतपत हसून झाल्यावर एक कबूल करायला हवं. मंत्र्याचं खरं कसब दर्शनाच्या टॅबमध्ये आहे आणि ते येरागबाळ्याचं काम नव्हे. प्रागमध्ये शनिवार-रविवार घालवायचा तर एक पेच आहे. जुन्या ज्यू वस्तीतली सिनेगॉग आणि ती थडग्यावर थडगी रेललेली दफनभूमी शनिवारी बंद, कारण तो त्यांचा विश्रांतीचा वार. तर ते सगळं रविवारी. पण रविवारी सकाळी कथीड्रलमध्ये प्रार्थना, पर्यटकांना दुपारी बारानंतर प्रवेश. तर कथीड्रल शनिवारी. शनिवारी किल्ला म्हणजे सगळं प्राग त्याच चढावर, आणि चढ म्हटला की त्याच्या आईचे गुडघे आले. म्हणून बावीस नंबरची ट्राम पकडायची, पण किल्ल्याच्या स्टॉपला न उतरता पुढे पोहोर्झेलेट्सला उतरायचं. तिथून किल्ला, किल्ल्यातून खाली नदी, सगळा उतार. हे त्यानं जर्मनीत बसून, नकाशावरच्या उंचीच्या रेषा बघून शोधलं. शनिवारी सकाळी ज्यू म्युझियमच्या बंद दारासमोर उभे राहून एकमेकांकडे बघणारे नवरा-बायको मी नंतर स्वतः पाहिले. त्यांच्याकडे मंत्री नव्हता.

त्याचं आराध्यदैवत चौथा चार्ल्स. ह्या राजानं व्लतावा नदीवरच्या दगडी पुलाची पायाभरणी ज्योतिषांना विचारून केली असं सांगतात: १३५७ साल, सातव्या महिन्याची ९ तारीख, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटं. युरोपच्या रीतीनं साल, दिवस, महिना, तास, मिनिटं असे मांडले की १ ३ ५ ७ ९ ७ ५ ३ १, उलटसुलट कसंही वाचा. आपल्याकडच्या कुठल्याही गुरुजींनी ऐकलं तर खूश व्हावं असा मुहूर्त. मंत्र्याला ही कथा कळली तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला होता. साडेपाच नव्हे, पाच एकतीस! आजवर 'सकाळी ९:०५ ते ९:४०' लिहिल्याबद्दल त्याची जी थट्टा झाली होती, तिच्यावर साक्षात पवित्र रोमन सम्राटाचं उत्तर आलं होतं.

त्यात त्या वर्षी ९ जुलै नेमकी रविवारी येत होती. सहल आधी मे महिन्यात ठरली होती, पण ती पुढे ढकलायला त्याच्याकडे आणखीही एक कारण होतं. त्याचे आई-बाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेले. प्रागमध्ये पासष्ट पूर्ण झालेल्यांना ट्राम-मेट्रो फुकट. बाबांना पासष्टावं लागून बरेच महिने झाले होते, पण पूर्ण व्हायची ती जूनमध्ये. सात जणांच्या हॉटेलच्या भावात जुलैमुळे पडलेला फरक ह्या तिकिटाच्या कितीतरी पट होता, हे खर्चाच्या टॅबमध्ये स्पष्ट दिसत होतं. पण तत्त्वाचा प्रश्न वेगळा.

लोकशाही म्हणून ग्रुपवर मतदानही झालं. "कोण कोण येणार?" ह्या प्रश्नाला आलेली उत्तरं: दोन अंगठे, एक "बघतो रे", एक "रात्री सांगते", आणि ज्याच्या तोंडून प्रागचं नाव निघालं होतं त्या अविवाहित मित्राचा गणपतीपासून टिकून असलेल्या मौनाचा भंग: "कुठे जायचंय?" मंत्री असल्या उत्तरांनी खचत नाही. "बघतो रे" म्हणजे साठ टक्के, "रात्री सांगते" म्हणजे ऐंशी टक्के, असे त्याचे ठोकताळे आहेत आणि ते चुकत नाहीत.

खाण्याची आघाडी वहिनींकडे. चेक जेवण म्हणजे मांस, रस्सा आणि उकडलेल्या पिठाच्या जाड चकत्या. शाकाहाऱ्याला आधार एकच, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं चीज. दोन्ही वेळा तेच खाऊन माणसाची तब्येत राहणार नाही, म्हणून वहिनींनी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी केली, आणि खिचडीचं सामान झिपच्या पिशव्यांत मापून भरलं. एका पिशवीत तांदूळ आणि मूगडाळ, दुसरीत हळद, मीठ, गोडा मसाला, तिसरीत वाळवलेला कढीलिंब. प्रत्येक पिशवीवर मार्करनं 'शुक्र रात्र', 'शनि रात्र'. शीटच्या बाहेरही त्या घरात नियोजन चालतं, हे तेव्हा कळलं. फक्त त्याच्या लिंका येत नाहीत.

आणि निघायच्या शुक्रवारी दुपारी तीनला मंत्र्याच्या ऑफिसात काहीतरी कोसळलं. रविवार रात्रीपर्यंत सर्व्हरपाशी बसून राहणं भाग होतं. आम्ही सहल रद्द करूया म्हणालो. त्याचा चेहरा असा झाला, की तो शब्द परत कुणी काढला नाही. "रिफंड मिळत नाही" एवढंच तो म्हणाला. त्यानं छापलेल्या प्रती वाटल्या, ट्रामचं तिकीट चढल्या चढल्या पिवळ्या यंत्रात टोचून घ्यायचं हे दोनदा बजावलं, आणि सगळ्यांना फोनवर लाइव्ह लोकेशन चालू ठेवायला लावलं.

शनिवारी दुपारी आम्ही जुन्या चौकात घड्याळाखाली उभे होतो. १४१० सालचं हे खगोलशास्त्रीय घड्याळ. ते बनवणाऱ्याचे डोळे काढले, म्हणजे दुसरं बनवता येऊ नये, अशी तिकडे दंतकथा आहे. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही. घड्याळाला ठोका पडला, सांगाड्यानं दोरी ओढली, खिडक्यांतून प्रेषित फिरून गेले, कोंबडा आरवला. मिनिटभरात आटोपलं. ज्यांनी फोन वर धरले होते त्यांना ते फोनवरच दिसलं. शीटमध्ये लिहिलं होतं: "कार्यक्रम लहान आहे. अपेक्षा आवरणे. गर्दीत पाकीट सांभाळणे."

पाकीट आमच्या अविवाहित मित्राचंच होतं, आणि ते त्यानं स्वखुशीनं उघडलं. चौकाजवळच्या एका खिडकीवर 'कमिशन शून्य' अशी पाटी बघून शंभर युरोंचे कोरुना करून घेतले. कमिशन शून्य होतं हे खरं, पण भाव असा, की मोजल्यावर त्याला घाम फुटला. त्यानं म्युनिकला फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "पावती आहे?" दुसरा, "किती वाजताची?" मग मंत्री शांतपणे म्हणाला, "दोन तास दहा मिनिटं आहेत तुझ्याकडे. पाचव्या टॅबच्या खाली बघ." तिथे लाल अक्षरांत होतं: चेक कायद्यानं २०१९ पासून हजार युरोपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत, कारण न देता, रद्द करता येतो. मित्रानं खिडकीशी जाऊन पावती ठेवली. आतल्या बाईंनी त्याच्याकडे, मग पावतीकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता शंभर युरो परत केले. हे 'पाऊस आल्यास' ह्या टॅबमध्ये का लिहिलं होतं, ते मात्र आजतागायत कुणाला उमगलेलं नाही.

पुलावरच्या ५:३१ ला अर्थातच आमच्यापैकी कुणी उठलं नाही. उठले ते बाबा. ते साताऱ्यातही साडेचारला उठतात. गुपचूप किल्ली घेतली, छापील नकाशा घेतला, आणि बरोबर ५:३१ ला पुलावरून स्वतःचा फोटो ग्रुपवर टाकला. फोटोत अर्धा अंगठा, कानटोपी आणि मागे एका संताच्या पुतळ्याचे पाय. रात्रभर सर्व्हरपाशी जागलेल्या मुलाचं उत्तर त्याच मिनिटाला आलं: "बाबा, जरा मागे सरका. टॉवर येत नाहीये."

बाबांना एकच गोष्ट लागली. दोन दिवस ते पासपोर्ट हातात धरून ट्रामनं हिंडले आणि एकाही तपासनीसानं त्यांचं वय विचारलं नाही.

रविवारी दफनभूमी बघून झाल्यावर शीटप्रमाणे चार ठिकाणं उरली होती. आम्ही लेतना टेकडीवर गेलो, झाडांखालच्या बाकांवर बसलो, आणि बसलोच. खाली नदी, नदीवर एकापुढे एक पूल. त्याच टेकडीवर १९६२ पर्यंत स्टालिनचा अवाढव्य पुतळा होता; आता तिथे एक प्रचंड मेट्रोनोम हलत असतो. वहिनींनी उरलेल्या दशम्या काढल्या. आईंनी चप्पल काढून पाय वर घेतले आणि सरकत्या जिन्यानं परत एकदा जायचं का, असं विचारलं. म्युनिकहून मेसेज आला, "तुमचे सहाही ठिपके पावणेदोन तास एकाच जागी आहेत. नेटवर्क गेलं का?"

"हो," असं वहिनींनी टाइप केलं आणि फोन पर्समध्ये टाकला.

परत आल्यावर मंत्र्यानं शीट पुन्हा उघडली आणि आम्ही न पाहिलेल्या चार ओळी नाइलाजानं पिवळ्या केल्या. स्वतःच्या तो मोजत नाही. गंमत अशी, की प्रागवर आता त्याचाच शब्द अखेरचा आहे. गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात पुण्याहून नवीन आलेलं एक जोडपं त्याच्याभोवती उभं होतं. पोहोर्झेलेट्स, पिवळं यंत्र, बाराच्या आधीचं बंद कथीड्रल, सगळं तो चकलीच्या तुकड्यानं ताटलीवर आखून दाखवत होता. पुलावर उजेड कोणत्या बाजूनं येतो तेसुद्धा.

"भारीच माहिती आहे तुम्हाला," मुलगी म्हणाली. "किती वेळा गेलायत, दादा?"

मंत्र्यानं चकली तोंडात टाकली.

"माझ्याकडे सातवं व्हर्जन आहे," तो म्हणाला. "ईमेल आयडी दे तुझा."